राजीनामा दिला की घेतला? मंदीतल्या नोकऱ्यांवर संशोधन करण्याआधी

पीएचडीच्या प्रवेशासाठी येणाऱ्या आराखड्यांमध्ये एक शीर्षक हमखास सापडतं: ‘मंदीच्या काळातील कामगार कायद्यांची परिणामकारकता: एक अभ्यास’. माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक जवळपास हेच होतं, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. विषय चांगला आहे, गरजेचा आहे. पण त्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडून बाहेर आले आहे. तुम्ही पडू नये म्हणून हे लिहितेय.

२०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी होती. त्या काळात काम सुटलेल्या चाकण भागातल्या काही कामगारांना मी नंतर भेटत होते. माझ्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता: ‘मंदीमुळे तुम्हाला कामावरून काढलं का?’ खाली हो आणि नाही असे दोन चौकोन. एका गृहस्थांनी शांतपणे ‘नाही’ म्हटलं. मी ‘नाही’वर टिक केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मुलाखत संपल्यावर चहा पिताना ते म्हणाले, “काढलं नाही ताई, राजीनामा घेतला.”

राजीनामा ‘दिला’ नाही, ‘घेतला’. मजकूर आधीच टाइप केलेला होता, त्यांनी फक्त सही केली होती. माझ्या तक्त्यात मात्र हा माणूस ‘मंदीचा परिणाम झाला नाही’ या रकान्यात जाऊन बसला होता. असे किती जण आधीच्या फॉर्मांमध्ये तसे बसले असतील, हे मोजायची सोयही माझ्याकडे उरली नव्हती. प्रश्नावली पुन्हा लिहावी लागली.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच: मंदीत नोकरी गेली, हे कायद्याच्या दृष्टीनं अपुरं वाक्य आहे. ती कोणत्या नावाखाली गेली यावर कामगाराच्या हातात किती पैसे पडतात ते ठरतं, आणि तो कोणत्या आकडेवारीत मोजला जातो तेही ठरतं. हे नाव तुम्ही पकडलं नाही, तर प्रबंधाचा निष्कर्ष उलटाही येऊ शकतो.

एकच कामगार, पाच नावं

आधी कायदा कोणता ते पाहू. बहुतेक अभ्यास ज्या काळावर होतात त्या काळात १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. आता त्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं घेतली आहे. संहिता संमत झाली २०२० मध्ये, अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. त्यामुळे तुमचा डेटा २०२५ च्या आधीचा असेल, तर जुना कायदाच वाचावा लागेल.

आता एक हिशोब करू. समजा, रमेश नावाचा एक कामगार आहे. ८० कामगारांच्या खासगी कारखान्यात त्यानं सलग ८ वर्षं काम केलं आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,००० रुपये, बाकी भत्ते नाहीत. ऑर्डर आटल्या आणि मालकाला रमेश नकोसा झाला. पुढे काय होऊ शकतं?

पहिलं नाव, ले-ऑफ. हा शब्द आपण आयटीच्या बातम्यांत ‘कायमचं काढून टाकलं’ या अर्थानं वाचतो. भारतीय कायद्यात त्याचा अर्थ तसा नाही. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, माल पडून राहिला, यंत्र बिघडलं, अशा कारणांनी मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव मस्टरवर कायम आहे, ही अवस्था म्हणजे ले-ऑफ. या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यावी लागते. रमेशला महिन्याचे ढोबळमानानं ९,००० रुपये. ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा गेटवर हजेरी लावली नाही, तर त्या दिवसाची भरपाई जाते. बदली आणि हंगामी कामगारांना ही भरपाई नाही. ५० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला तर हे प्रकरणच लागू नाही.

दुसरं नाव, रिट्रेंचमेंट, म्हणजे कामगार कपात. इथे नोकरी संपते. कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा नोटिशीचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. रमेशला नोटिशीचे १८,००० आणि भरपाईचे ९,००० गुणिले ८, म्हणजे ७२,०००. एकूण ९०,००० रुपये. शिवाय कलम २५-जी सांगतं की सर्वसाधारणपणे त्या वर्गातला शेवटी आलेला आधी जाईल, आणि २५-एच सांगतं की पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना आधी विचारायचं. नव्या संहितेत दर हाच आहे, वर १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून मिळण्याची तरतूद आहे.

तिसरं नाव, क्लोजर. कारखानाच बंद. भरपाई कपातीसारखीच, पण बंद होण्याचं कारण मालकाच्या आवाक्याबाहेरचं आणि अटळ असेल, तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची कमाल मर्यादा. रमेशचे ७२,००० तेव्हा ५४,००० होतात. मात्र नुसता तोटा किंवा न विकलेला माल हे ‘अटळ कारण’ धरायचं नाही, असं कायद्यानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. मंदीवर काम करणाऱ्यानं हे स्पष्टीकरण अधोरेखित करून ठेवावं, कारण मंदीत मालक नेमकं हेच कारण देतात.

चौथं नाव, राजीनामा. कपातीची भरपाई शून्य. स्वेच्छानिवृत्ती असेल तर त्या योजनेत लिहिलं असेल तेवढं. कायद्याच्या व्याख्येत स्वेच्छानिवृत्ती म्हणजे कपात नाही.

पाचवं नाव, मुदत संपली. रमेशची नेमणूक ठरावीक मुदतीची असेल आणि ती पुन्हा दिली नाही, तर तीही कपात नाही. भरपाई पुन्हा शून्य.

ग्रॅच्युइटी या सगळ्यापासून वेगळी. ८ वर्षांच्या नोकरीवर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ८, म्हणजे साधारण ८३,०७७ रुपये. राजीनामा दिला तरी ती मिळते. म्हणूनच राजीनाम्यावर सही घेताना “तुमचा सगळा हिशोब मिळेल” हे वाक्य खोटं नसतं. हिशोब मिळतो, पण त्यात ९०,००० ची ओळ नसते. कामगाराला बऱ्याचदा ती ओळ असते हेच माहीत नसतं.

तोच माणूस, तेच कौशल्य, तीच मंदी. एका कागदावर ९०,०००, दुसऱ्यावर शून्य. तुमच्या प्रश्नावलीत ‘नोकरी गेली: हो/नाही’ एवढंच असेल, तर हा फरक कुठे दिसणार?

शब्द कोर्टात कसे बदलले

तुम्ही म्हणाल, व्याख्या कायद्यात दिली आहे, ती घेऊ आणि पुढे जाऊ. पण व्याख्या स्थिर राहिलेली नाही. याचं उत्तम उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं आहे.

ले-ऑफ आणि कपातीच्या भरपाईची तरतूद कायद्यात आली १९५३ मध्ये. त्यात कपातीची व्याख्या होती: शिक्षा म्हणून काढलं नसेल, तर मालकानं कोणत्याही कारणानं नोकरी संपवणं. त्याच सुमारास कुर्डुवाडी–बार्शी परिसरात नॅरोगेज चालवणारी बार्शी लाइट रेल्वे सरकारनं ताब्यात घ्यायचं ठरवलं. १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे सरकारची झाली, आणि त्याआधी कंपनीनं आपल्या सगळ्या कामगारांना नोकरी संपल्याच्या नोटिसा दिल्या. कामगारांनी भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कपात म्हणजे चालू उद्योगातले जादा कामगार कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. कामगार हरले.

संसदेनं १९५७ मध्ये दुरुस्ती करून मालकी बदल आणि बंद पडणं या दोन्हींसाठी स्वतंत्र भरपाई आणली. क्लोजरची जी भरपाई आपण वर पाहिली, तिचं मूळ या बार्शीच्या रुळांत आहे.

पुढे १९७६ मध्ये स्टेट बँकेच्या सुंदर मनी प्रकरणात न्यायालयानं ‘कोणत्याही कारणानं’ हे शब्द शब्दशः घेतले. ठरावीक दिवसांची नेमणूक संपली, तरी तीही कपातच. १९९० मध्ये घटनापीठानं हाच रुंद अर्थ पक्का केला. पण मधल्या काळात, १९८४ पासून, कायद्यात अपवाद घातला गेला होता: करार नव्यानं केला नाही म्हणून संपलेली नोकरी कपात धरायची नाही. रुंद केलेल्या दाराला एक मागची खिडकी ठेवली, असं म्हणा.

संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं? तुम्ही १९७० ते १९९५ अशी कपातीच्या दाव्यांची मालिका घेतली, तर त्या मालिकेच्या मधोमध शब्दाचा अर्थ दोनदा हललेला आहे. आकड्यात दिसणारी चढउतार मंदीची असेल किंवा व्याख्येचीही असेल. आलेखाखाली हे लिहिलं नाही, तर मौखिक परीक्षेत कोणीतरी विचारणारच.

परवानगीचा उंबरठा

१९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, कायद्यात पाच-ब हे प्रकरण आलं. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना ले-ऑफ, कपात आणि बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेणं भाग पडलं. १९८२ च्या दुरुस्तीनं हा उंबरठा १०० वर आणला, ती १९८४ मध्ये लागू झाली. नव्या संहितेनं तो पुन्हा ३०० केला आहे. मधल्या काळात कोर्टातही हे प्रकरण गाजलं. एक्सेल वेअर प्रकरणात १९७८ मध्ये बंद करण्याच्या परवानगीचं जुनं कलम घटनाबाह्य ठरलं, तर मीनाक्षी मिल्स प्रकरणात १९९२ मध्ये कपातीच्या परवानगीचं कलम टिकलं.

या उंबरठ्याचा मोह संशोधकांना फार होतो. ९९ कामगारांचा कारखाना आणि १०१ कामगारांचा कारखाना यांची तुलना केली की कायद्याचा परिणाम मिळाला, असं वाटतं. कल्पना वाईट नाही. पण दोन गोष्टी आधी तपासा. एक, मोजायचे कोण? कंत्राटी कामगार त्या शंभरात धरले जातात का, यावरून कारखान्याचा आकार बदलतो, आणि मालकांना हे तुमच्या-माझ्या आधी कळलेलं असतं. दोन, परवानगी लागते ती कपातीला. राजीनाम्याला आणि मुदत संपण्याला लागत नाही. त्यामुळे उंबरठ्यावरच्या कारखान्यात कपात कमी दिसली, तर नोकऱ्या टिकल्या असाही अर्थ निघतो आणि नोकऱ्या दुसऱ्या नावानं गेल्या असाही. नुसत्या कपातीच्या आकड्यातून कोणता ते कळत नाही.

नोकरी राहिली, पगार गेला

मंदीचा दुसरा चेहरा म्हणजे नोकरी शाबूत, पण पगार आणि कामाचे तास बदललेले. इथेही नावांचा खेळ आहे.

पगार, भत्ते, कामाचे तास अशा चौथ्या अनुसूचीतल्या गोष्टी कामगारांच्या तोट्याच्या दिशेनं बदलायच्या असतील, तर कलम ९-ए प्रमाणे २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. नव्या संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. नोटीस आली की संघटना वाद उभा करू शकते, आणि समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादाशी संबंधित अटी बदलायला कायदा मज्जाव करतो. पण हे सगळं ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. पद ‘मॅनेजर’ असेल आणि कामही खरोखर व्यवस्थापनाचं असेल, तर त्याच्या हाती नेमणूकपत्र सोडून फारसं काही नसतं. हुद्दा मॅनेजरचा आणि काम साध्या कारकुनाचं असेल, तर कोर्ट काम बघतं, हुद्दा नाही. म्हणून मुलाखतीत पदनाम विचारून थांबू नका, दिवसभर काय करता ते विचारा.

धंदा अडचणीत असेल तर पगार किती खाली नेता येतो? १९५७ च्या क्राउन अ‍ॅल्युमिनियम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन पायऱ्या सांगितल्या. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांचा. किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्कच नाही, ही खालची पायरी; ती मंदीतही हलत नाही. त्यावरची वेतनरचना मात्र आर्थिक परिस्थितीनं खरोखर भाग पाडलं तर कामगारांच्या विरोधात बदलता येते. बिघडलेल्या धंद्याचा पुरावा किती आणि कसला, हा मग वादाचा विषय. ताळेबंद वाचता येणं कामगार कायद्याच्या अभ्यासकालाही का लागतं, ते इथे कळतं.

२०२० ची उदाहरणं तुम्हाला जवळची वाटतील. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला: बंदच्या काळात आस्थापना बंद असली तरी कामगारांना ठरलेल्या तारखेला, कोणतीही कपात न करता पगार द्या. १८ मे पासून तो मागे घेतला गेला. मधले सुमारे ५० दिवस कोणाच्या खिशातून, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. फायकस पॅक्स प्रकरणात १२ जूनला न्यायालयानं अंतरिम आदेश दिला: मालकांवर सक्तीची कारवाई नको, ज्यांना हवं त्यांनी कामगारांशी बोलणी करून मार्ग काढावा, कामगार खात्यानं मदत करावी. म्हणजे पूर्ण पगाराचा आदेश वाटाघाटीपर्यंत खाली आला. वाटाघाटीत कोण किती ताकदीनं बसतो, हा संशोधनाचा वेगळाच प्रश्न.

त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांचं प्रकरण आलं. मंदिर बंद, काम बंद, पगार बंद. मे २०२० मध्ये खंडपीठानं म्हटलं की अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही, आणि जेवण व प्रवास भत्ता वगळून पगार देण्याची व्यवस्था करायला सांगितलं.

कामाच्या तासांचं उदाहरण गुजरातचं. १७ एप्रिल २०२० च्या अधिसूचनेनं राज्य सरकारनं कारखान्यांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम घ्यायला सूट दिली, आणि जादा तासांचा मोबदला दुपटीऐवजी साध्या दरानं ठरवला. आधार घेतला कारखाने कायद्याच्या कलम ५ मधल्या ‘सार्वजनिक आणीबाणी’चा. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षेला धोका, हा त्या शब्दाचा अर्थ. महामारीनं आलेली आर्थिक मंदी त्यात बसत नाही, असं न्यायालयानं सांगितलं, आणि कामगारांना कायद्याप्रमाणे जादा कामाचा मोबदला द्यायचा आदेश दिला. इथेही सगळं प्रकरण एका शब्दावर फिरलं.

जाता जाता मराठीतून काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘टाळेबंदी’ हा शब्द कामगार चळवळीत ‘लॉकआउट’साठी वापरला जातो, म्हणजे मालकानं कामगारांना दबावासाठी बाहेर ठेवणं. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी तोच शब्द ‘लॉकडाउन’साठी वापरला. जुनी वर्तमानपत्रं शब्द टाकून शोधणार असाल, तर एकाच शोधात मालकानं गेटला लावलेलं कुलूप आणि कोविडमधला बंद दोन्ही येतील. प्रत्येक बातमी उघडून बघण्याला पर्याय नाही.

आकडे कुठून आणायचे

मंदीत गेलेल्या नोकऱ्या मोजायच्या तर श्रम ब्युरोची ले-ऑफ आणि कपातीची आकडेवारी सगळ्यात आधी हाताला लागते. तिच्यात फक्त ‘त्या नावानं’ झालेल्या, आणि राज्यांकडून कळवल्या गेलेल्या गोष्टी येतात. त्या उलट, २००८ च्या जागतिक मंदीनंतर श्रम ब्युरोनं घाईनं एक वेगळं सर्वेक्षण केलं. त्यात निवडक उद्योगांमध्ये जाऊन, आधी किती जण कामावर होते आणि आता किती आहेत, हे मोजलं. ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या एका तिमाहीत सुमारे ५ लाख नोकऱ्या कमी झाल्याचा अंदाज त्यातून आला. का गेले हे बाजूला ठेवून किती उरले हे विचारल्यामुळे राजीनामे, मुदत संपलेले आणि कंत्राटदाराकडचे असे सगळे घटीत आले. दोन्ही पद्धती उपयोगी आहेत, पण त्या एकाच गोष्टीचं मोजमाप नाहीत.

उद्योगांच्या वार्षिक पाहणीत थेट नेमलेले आणि कंत्राटदारामार्फत नेमलेले कामगार वेगळे मिळतात. पीएलएफएस या सर्वेक्षणात लेखी करार आहे का, पगारी रजा आहे का, सामाजिक सुरक्षा आहे का, हे विचारतात. कामाच्या अटींवर लिहिणाऱ्यांसाठी तो खजिना आहे. पण हातात पडलेली भरपाई आणि सही केलेला कागद यांच्यासाठी शेवटी तुम्हालाच माणसांकडे जावं लागतं.

आणि कायद्यालाच आकडा द्यायचा असेल तर? हा प्रयत्न बेस्ली आणि बर्जेस यांनी २००४ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात केला. औद्योगिक विवाद कायद्यात राज्यांनी केलेल्या दुरुस्त्या त्यांनी वाचल्या. कामगारांच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकांच्या बाजूची असेल तर उणे एक, दोन्ही नसेल तर शून्य. बेरीज करून राज्यांची वर्गवारी केली आणि निष्कर्ष काढला की कामगारांच्या बाजूनं झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीची वाढ मंदावली. लेख प्रचंड गाजला. नंतर आदित्य भट्टाचार्जी यांनी त्या दुरुस्त्या एकेक करून पुन्हा वाचल्या. गुजरात ‘कामगारांच्या बाजूचं’ राज्य ठरलं होतं ते संयुक्त व्यवस्थापन परिषदांसंबंधीच्या १९७३ च्या एका दुरुस्तीमुळे, हे त्यांनी दाखवलं. कपातीच्या परवानगीइतकंच वजन या किरकोळ दुरुस्तीला मिळालं होतं. समीकरण बरोबर असेल, पण त्यात घातलेला आकडा ज्या कागदावरून आला तो कागद कोणी वाचला, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

बेस्ली आणि बर्जेस यांचा लेख वाचायचा नाही असं मी म्हणत नाही. उलट दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. आपल्या विषयात पद्धतीचा याहून चांगला धडा मला मिळालेला नाही.

आराखडा लिहिताना

आता तुमच्या आराखड्याकडे. ‘परिणामकारकता’ हा शब्द खोडा आणि त्या जागी नेमकं नाव लिहा. ले-ऑफची भरपाई, कपातीची नोटीस, पगारातला बदल, यातलं एक काहीतरी. मग तुमच्या निवडलेल्या काळात आणि राज्यात त्या नावाची व्याख्या काय होती, ती कधी बदलली, कोणत्या आकाराच्या कारखान्याला लागू होती, याची एक पानी टिपण करा. गाइडला पहिल्याच भेटीत हे पान दाखवता आलं, तर अर्धी लढाई जिंकलात.

त्यानंतर मालक त्या नावाऐवजी दुसरं कोणतं नाव वापरू शकत होता, याची यादी करा. ही शेजारची नावं मोजली नाहीत, तर कायदा जितका जास्त टाळला गेला तितका तो जास्त यशस्वी दिसेल. कपातीचा आकडा शून्य असेल तर त्याचे दोन अर्थ: कोणाला काढलं नाही, किंवा सगळ्यांचे राजीनामे घेतले. पहिल्या अर्थावर प्रबंध लिहून मोकळं होणं सोपं आहे, आणि तो प्रबंध उद्या कोणीतरी धोरण ठरवताना आधाराला घेईल. ज्याचे ९०,००० बुडाले, तो माणूस त्यात ‘परिणाम झाला नाही’ या रकान्यात बसलेला असेल.

माझ्या प्रश्नावलीतला जुना प्रश्न मी काढून टाकला. आता मी विचारते, “शेवटच्या दिवशी कोणत्या कागदावर सही केली? त्यावर काय लिहिलं होतं? तो कोणी टाइप केला होता?” त्या कागदाची प्रत जवळ असेल तर पाहायला मागते, नाव आणि ओळख कुठेही येणार नाही हे आधी सांगून, संमती घेऊन. बहुतेकांकडे प्रत नसते. पण नसते हे सांगताना ते जे बोलतात, ते टिपून घ्या. विशेषतः क्रियापद नीट ऐका. ‘दिला’ म्हणतात की ‘घेतला’, तिथूनच तुमचं काम सुरू होतं.